चतुचक: बँकॉकच्या आठवडी बाजारात भाव करताना

बँकॉकच्या चतुचक बाजारात सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यापासून भाव करायला सुरुवात करावी, हा सल्ला आपल्याकडच्या प्रवाशांमध्ये एकमेकांना बिनदिक्कत दिला जातो आणि तो चुकीचा आहे. या बाजारात विदेशी पर्यटक भरपूर दिसत असले तरी खरेदीला येणाऱ्यांत स्थानिक थाई मंडळींचा मोठा भरणा असतो. त्यामुळे बहुतेक गाळ्यांवर पहिल्यांदा सांगितलेला भाव हा प्रत्यक्ष विक्रीच्या भावापासून फार दूर नसतो. एका वस्तूवर दहा ते वीस टक्के कमी झाले तर सौदा नीट झाला असे समजावे. तीन-चार नग एकदम घेतले तर तीस टक्क्यांपर्यंतही उतरते, पण त्यापुढे सहसा कोणी जात नाही. तुळशीबागेत किंवा हिल रोडवर तावूनसुलाखून निघालेल्या माणसाला हे आधी पटत नाही, कारण आपल्याकडे हुज्जत घालणे हे वस्तू घ्यायची इच्छा असल्याचे लक्षण मानले जाते आणि दुकानदारही त्याच सुरात उत्तर देतो. चतुचकमध्ये निम्मी किंमत मागितली की विक्रेती भांडत नाही, रागावत नाही, फक्त हसते आणि नजर दुसरीकडे वळवते. तिच्या दृष्टीने बोलणे तिथेच संपलेले असते, आणि आपण चार पावले पुढे जाऊन ती हाक मारील म्हणून रेंगाळलो तरी ती बहुधा मारत नाही.

एवढ्या मोठ्या बाजारात भाव इतका ताणलेला का नसतो, याचा थोडा उलगडा बाजाराच्या इतिहासातून आणि गाळ्यांच्या भाड्यातून होतो. हा बाजार पूर्वी राजवाड्यासमोरच्या सनाम लुआंग मैदानावर भरत असे. १९८२ साली रत्नकोसिन, म्हणजेच बँकॉक, या राजधानीच्या स्थापनेला दोनशे वर्षे पूर्ण होत होती, आणि त्या समारंभांसाठी मैदान मोकळे हवे म्हणून बाजार शहराच्या उत्तरेला रेल्वेच्या मालकीच्या जागेवर हलवण्यात आला. शेजारच्या उद्यानावरून पडलेले चतुचक हे नाव त्याला १९८७ मध्ये मिळाले आणि बाजाराच्या मधोमध उभा असलेला घड्याळाचा मनोराही त्याच वर्षी राजे भूमिबोल यांच्या साठाव्या वाढदिवसानिमित्त बांधला गेला. जागा रेल्वेची आणि कारभार महापालिकेचा, अशी ही व्यवस्था २०१२ पर्यंत चालली. मग रेल्वेने बाजार स्वतःकडे घेतला, गाळ्याचे मासिक भाडे ३,१५७ बाटपर्यंत गेले, आणि २०१८ च्या अखेरीस कारभार पुन्हा महापालिकेकडे आल्यावर ते १,८०० बाटवर आणण्यात आले. मात्र हे झाले कागदोपत्री भाडे. ज्याच्या नावावर गाळा आहे तो स्वतः तिथे बसतोच असे नाही, आणि पोटभाडेकरूला याच्या कितीतरी पट रक्कम मोजावी लागते. एक बाट साधारणपणे अडीच ते तीन रुपयांच्या दरम्यान असतो, हे ध्यानात घेऊन हिशेब केला तर शनिवार-रविवारच्या विक्रीतून महिन्याचे भाडे काढणाऱ्या बाईंच्या हातात सोडायला किती पैसे उरत असतील याचा अंदाज येतो.

बाजाराचा पसारा सत्तावीस विभागांचा आणि सुमारे पंधरा हजार गाळ्यांचा आहे. मेट्रोच्या कंफेंग फेत स्थानकाच्या दोन क्रमांकाच्या दाराने बाहेर पडले की माणूस थेट बाजारातच उतरतो, तर उन्नत रेल्वेच्या मो चित स्थानकावरून थोडे चालावे लागते आणि त्या वाटेवरची गर्दीही जास्त असते. बाहेरच्या बाजूने एक रुंद वर्तुळाकार रस्ता आहे आणि त्याच्या आत पत्र्याच्या छपराखालचे अरुंद बोळ आहेत, जिथे दोन माणसे समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावे लागते. विभागांचे क्रमांक वर टांगलेले असतात. जुनी पुस्तके पहिल्या विभागात, वापरलेले कपडे पाचव्या-सहाव्यात, चित्रकारांचे गाळे सातव्यात आणि जुन्यापुराण्या वस्तू सव्विसाव्यात, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. बाकी सर्व विभागांत सरमिसळ आहे आणि नकाशावर विसंबून कोणी फार लांब जात नाही. एखादी वस्तू आवडली आणि लगेच घ्यायचे मन होत नसेल तर गाळ्याचा विभाग, गल्ली व क्रमांक लिहिलेली पाटी असते तिचे छायाचित्र घेऊन ठेवावे. ते न करता "परत येताना बघू" असे म्हणून पुढे गेलेल्याला तो गाळा पुन्हा सापडणे कठीणच आहे.

पूर्ण बाजार शनिवारी आणि रविवारी सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा असतो. बुधवारी व गुरुवारी फक्त झाडे-रोपे असतात, आणि शुक्रवारी रात्री घाऊक व्यापारी येतात. एप्रिल-मेमध्ये दुपारी बारानंतर पत्र्याखाली थांबणे म्हणजे शिक्षा आहे, पण लवकर जाण्याचे खरे कारण ऊन नव्हे. थाई विक्रेते दिवसाच्या भवानीला आपल्याइतकेच मानतात. सकाळी साडेनऊच्या सुमारास कापडी पिशव्यांच्या एका गाळ्यावर मी पैसे दिले, तेव्हा बाईंनी त्या नोटा खिशात टाकण्यापूर्वी टांगलेल्या पिशव्यांना, मांडणीवरच्या गठ्ठ्यांना, अगदी कोपऱ्यातल्या बंद खोक्यालाही एकेक करून लगबगीने टेकवल्या. दिवसभर माल असाच खपावा, ही त्यामागची भावना. गल्ल्याच्या वर गुडघे दुमडून बसलेली आणि उजवा हात उचलून गिऱ्हाइकाला बोलावणारी नांग क्वाक या व्यापाराच्या भरभराटीच्या देवीची छोटी मूर्ती होती आणि तिच्यापुढे लाल सरबताची बाटली नळीसकट ठेवलेली होती. अशा वेळी पहिले गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जाऊ नये असे विक्रेत्याला वाटत असल्यामुळे भाव थोडा सैल होतो. अर्थात, याची दुसरी बाजू अशी की घ्यायचे नसेल तर सकाळच्या पहिल्या तासात उगाच भाव विचारून सौदा अर्धवट सोडणे वाईट दिसते.

भाव करण्याची पद्धत साधी आहे. आधी वस्तू हातात घेऊन नीट बघावी, मग किंमत विचारावी, आणि किंमत ऐकल्यावर चेहरा न पाडता "लोत दाइ माइ?", म्हणजे काही कमी होईल का, असे विचारून पुरुषाने शेवटी "ख्रप" आणि बाईने "खा" जोडावे. पुढचे संभाषण गणकयंत्रावर होते. मातीच्या भांड्यांच्या एका गाळ्यात फिकट हिरव्या झिलईचे सेलाडॉनचे वाडगे होते. असे वाडगे चियांग माईकडे बनतात, आणि त्यांच्या झिलईत केसासारख्या बारीक रेघांचे जाळे दिसते. एका वाडग्याला दोनशेवीस बाट सांगितल्यावर मी चार उचलून गठ्ठा केला. बाईंनी आठशे ऐंशी हा आकडा दाबून दाखवला, तो पुसला आणि स्वतःच आठशे लिहिला. मी सातशे लिहिले. त्यांनी हसत यंत्र माझ्या हातून घेतले, थोडा वेळ वाडग्यांकडे पाहिले, साडेसातशे लिहिले आणि लगेच जुनी वर्तमानपत्रे ओढून बांधायला घेतली. सौदा पक्का झाला होता आणि तो माझ्या होकाराची वाट न पाहता झाला होता. यात लक्षात घेण्यासारखे असे की पहिली सवलत न मागता मिळाली, कारण नग चार होते, आणि दुसरी मिळाली ती मागणी आवाक्यातली होती म्हणून. एकच वाडगा हातात घेऊन शंभर बाट म्हटले असते तर यातले काही घडले नसते. आणखी एक शिष्टाचार कटाक्षाने पाळावा: आपण सांगितलेला आकडा समोरच्याने मान्य केला की वस्तू घेतलीच पाहिजे. मान्य झाल्यावर "बघते, फिरून येते" म्हणणे तिथे फार कोते समजले जाते.

जिथे "भाव ठरलेला" अशा अर्थाची पाटी लावलेली असते तिथे प्रयत्न करू नये, आणि खाण्यापिण्याच्या गाड्यांवर तर कधीच करू नये. सातव्या विभागातही मी भाव करत नाही. तेथे कित्येक गाळ्यांत चित्रकार स्वतः बसून रंगवत असतात, आणि छापील चित्रांच्या प्रती स्वस्त असल्या तरी मूळ चित्राच्या किमतीवरून घासाघीस करणे बरे वाटत नाही. एकाच चित्रकाराकडून दोन-तीन छोटी चित्रे घेतली तर तो बहुधा स्वतःहून एखादे पत्रचित्र वर घालतो. संपूर्ण बाजारात पैसे वसूल होण्याची सर्वाधिक खात्री मला याच विभागात आणि सेलाडॉनच्या गाळ्यांवर वाटते. वापरलेल्या कपड्यांच्या विभागात जुन्या डेनिमच्या विजारी आणि जाकिटे चांगली मिळतात, पण तिथला विक्रेता आपल्यापेक्षा जास्त जाणकार असतो आणि जुन्या शिवणीची किंमत त्याला नेमकी ठाऊक असते, त्यामुळे स्वस्ताईची अपेक्षा धरू नये.

उलट, बहुतेक भारतीय पर्यटक ज्या वस्तूंच्या पिशव्या भरून बाहेर पडतात त्या मला सर्वांत कमी मोलाच्या वाटतात. हत्तींची नक्षी असलेल्या सैलसर विजारी शंभर ते दोनशे बाटला मिळतात, त्यांचे कापड पातळ रेयॉनचे असते आणि बऱ्याचशा चीनमधून आलेल्या असतात. २०२४ मध्ये थाई सरकारने या आयातीविरुद्ध कारवाईची भाषा केली होती, यावरून तिचे प्रमाण ध्यानात येते. घरात घालायला त्या ठीक आहेत, पण थायलंडची आठवण म्हणून घ्याव्यात अशा मुळीच नाहीत. रेशमाच्या बाबतीत अधिक सावध राहावे. दीडशे-दोनशे बाटच्या ओढणीला शुद्ध रेशीम म्हणून सांगणारे गाळे आहेत, आणि अशाच एका गाळ्यातून घेतलेल्या ओढणीचा सुटलेला धागा घरी जाळून पाहिला तर केस जळाल्याचा वास येण्याऐवजी प्लास्टिकसारखा घट्ट मणी तयार झाला. हाती विणलेल्या थाई रेशमाला बारीक गाठी असतात आणि प्रकाशाच्या कोनानुसार त्याचा रंग बदलतो. इतक्या कमी पैशांत ते कुठेच मिळत नाही, त्यामुळे किंमत हीच पहिली कसोटी मानावी. नामांकित कंपन्यांच्या नावाच्या चामडी पिशव्यांविषयी वेगळे सांगायला नको.

बुद्धमूर्तींविषयी मात्र थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. महाराष्ट्रातल्या अनेक विहारांत थाई घडणीच्या मूर्ती आहेत आणि आपल्याकडचे बरेच जण श्रद्धेने तशी एखादी मूर्ती आणू पाहतात, तर दुसरे काही जण दिवाणखान्यातल्या टेबलावर ठेवायला नुसते शिर शोधत असतात. बाजारात दोन्ही मिळते आणि विकणारा काहीही विचारत नाही. परंतु बुद्धमूर्ती देशाबाहेर नेण्यासाठी थायलंडच्या ललितकला विभागाचा परवाना लागतो आणि तो मिळवण्याची जबाबदारी नेणाऱ्याची असते. गळ्यात घालायच्या लहान ताइतांचा अपवाद सोडला तर विमानतळावर अडवले जाण्याची शक्यता गृहीत धरावी. शिवाय, बुद्ध ही सजावटीची वस्तू नव्हे असे बजावणारे मोठे फलक बँकॉकमध्ये ठिकठिकाणी लावलेले आहेत, आणि केवळ शिर विकत घेणे तिथल्या माणसाला कसे दिसत असेल याचा विचार आपण करायला हरकत नाही.

बाजारातला एक भाग मी टाळते आणि इतरांनीही टाळावा असे मला वाटते, तो म्हणजे पाळीव प्राण्यांचा. कोंदट जागेत एकावर एक रचलेले पिंजरे, दुपारचा उकाडा आणि पिल्लांना हाताळणारी गर्दी हे दृश्य सहन होण्यासारखे नाही. जून २०२४ मध्ये पहाटे लागलेल्या आगीत या भागातले शंभरावर गाळे जळाले आणि पिंजऱ्यांत अडकलेले शेकडो प्राणी होरपळून मेले. त्यानंतर सुरक्षेची चर्चा पुष्कळ झाली, पण प्राण्यांचा हा व्यापार मुळातच अशा जागी चालावा का, या प्रश्नाला बगल दिली गेली.

पैशांच्या बाबतीत रोख रक्कम जवळ असणे सोयीचे. बहुतेक गाळ्यांवर क्यूआरची पाटी असते, पण ती प्रामुख्याने थाई बँकेच्या खातेदारांसाठी आहे, आणि कार्ड घेणारे गाळे थोडे आहेत. वीस, पन्नास आणि शंभराच्या नोटा वेगळ्या खिशात ठेवाव्यात. साडेतीनशेचा सौदा करून हजाराची नोट पुढे करणे अवघड वाटते, आणि घासाघीस करताना हातात मोठ्या नोटा दिसल्या तर आपल्या "परवडत नाही"ला काही अर्थ उरत नाही. खाण्यात नारळाचे आइस्क्रीम अवश्य घ्यावे. नारळाच्या करवंटीतच कोवळे खोबरे खरवडून ठेवतात, त्यावर आइस्क्रीमचे गोळे येतात आणि वर शेंगदाणे, मका किंवा चिकट भात आपल्या पसंतीने घालून मिळतो. शाकाहारी माणसाने पिवळ्या पताकेवर लाल अक्षर दिसेल तो गाळा शोधावा, कारण इतरत्र भाजीतही मत्स्यरस असतो आणि "मासे नकोत" असे सांगितले तरी तो वगळला जाईलच असे नाही.

आता, ज्याला मुख्यतः स्वस्त माल हवा आहे त्याने चतुचकला न जाणेच शहाणपणाचे, आणि हे मी बाजाराची निंदा म्हणून म्हणत नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी वाण म्हणून पन्नास-साठ छोट्या वस्तू घ्यायच्या असतील तर चिनी वस्तीतली सांपेंगची गल्ली गाठावी. केसांच्या क्लिपा, मण्यांच्या माळा, छोटे बटवे, किल्ल्यांच्या साखळ्या, वेष्टनाच्या फिती या सगळ्यांचा भाव तिथे नगावर नसून तीन, सहा किंवा डझनावर ठरलेला असतो. पाटीवर दोन किमती असतात, एक किरकोळ आणि एक घाऊक, आणि कितीपासून घाऊक भाव लागू होतो एवढेच विचारायचे असते. घासाघिशीला तिथे जागाच नाही आणि तिची गरजही पडत नाही. गल्ली इतकी अरुंद आहे की मालाच्या हातगाड्या आणि दुचाक्या माणसांतूनच वाट काढतात, त्यामुळे लहान मुलांना घेऊन जाऊ नये. तिथून पश्चिमेकडे चालत गेले की पाहुरात लागते. मोठ्या गुरुद्वाराभोवती शीख कापड व्यापाऱ्यांची जुनी दुकाने आहेत आणि तिथे हिंदीतून, आपल्या ओळखीच्या पद्धतीने, चहा पीत पीत भाव करता येतो. मात्र साड्या व सलवार-कमीज तिथे घेणे व्यर्थ आहे, कारण तो माल आपल्याकडूनच गेलेला असतो. जाळीचे कापड, लेस, टिकल्या-मणी आणि थाई नृत्याच्या पोशाखांचे जरतारी साहित्य पाहायला ही पेठ उत्तम आहे. तयार कपडे घाऊक घ्यायचे असतील तर प्रतुनामची कपड्यांची पेठ बरी. तेथेही तीन नगांपासून भाव उतरतो, पण कपडा अंगावर घालून बघू देत नाहीत, म्हणून मापाची फीत जवळ ठेवावी.

चतुचकहून निघताना रस्ता ओलांडून पलीकडच्या ओर तोर कोर बाजारात डोकावल्याशिवाय जाऊ नये. शेतमालाच्या विक्रीसाठी असलेल्या सरकारी संस्थेचा हा बाजार स्वच्छ, उजेडाचा आणि बँकॉकच्या मानाने महाग आहे, आणि तिथे पाटीवरच्या किमतीत एक बाटही कमी होत नाही. तरीही सुकवलेले आंबे, चिंचेच्या गोळ्या आणि आमटीत घालायचे तयार वाटण मी तिथूनच घेते, कारण चतुचकच्या गाळ्यांवर पाकिटे दिवसभर उन्हात पडलेली असतात. हंगामात सोलून मांडलेले ड्युरियनचे गरे तिथे वजनावर मिळतात. बहुतेक हॉटेलांत हे फळ आणायला बंदी असल्यामुळे ते बांधून न घेता तिथल्याच बाकावर बसून खावे, आणि पहिल्यांदाच खाणार असाल तर सर्वांत लहान तुकडा मागावा.